दूत आणि पुत्र

'देवदूत' आणि 'देवपुत्र' हे दोन्ही षष्ठी तत्पुरुष. विग्रह करताच देवाचा दूत व देवाचा पुत्र एकाच पंगतीला बसतात. ख्रिस्ती धर्मविचाराला ही पंगत मान्य नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय याच मुद्द्यावर उभा आहे: दूत हे सेवक; पुत्र हा वारस आणि दूतांनाही वंदनीय.

सौंसर तहसिलीतील जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडणाऱ्या आपणा मंडळींना हा भेद सहजी पटत नाही. मारुती रामदूत आहे आणि पवनपुत्रही. दूतपणाने त्याचे देवपण उणे होत नाही. दास्य हेच त्याचे भूषण. संत ऑगस्टिन मात्र बजावतो की दूत हे पदाचे नाव आहे, स्वरूपाचे नव्हे. आपण पदालाच स्वरूप मानत आलो, आणि त्यात आपले काही बिघडलेही नाही!

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची कसोटी इथेच लागते. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या, सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. शब्द गोड खरा; पण वैकुंठ म्हटले की विष्णुदूत आले, अवतारही आले. श्रोत्याने येशूला दशावतारांच्या मालिकेत अकरावा धरला, तर त्याला दोष कसा द्यावा? तरीही स्टीफन्स यांनी हा धोका पत्करला ते योग्यच केले, असे माझे मत आहे. परका शब्द कानावरून निघून जातो; ओळखीच्या शब्दाशी निदान वाद घालता येतो.

पुढे मराठी बायबलात 'एकुलता' हा घरगुती शब्द आला आणि पंगत मोडली. ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वरासमोर जमणारे 'देवपुत्र' म्हणजे दूतच, असे बहुतेक भाष्यकार मानतात. म्हणजे पुत्र अनेक, एकुलता एकच. पण घरगुती शब्दाबरोबर घरातले वयही येते. बाप आधी, मुलगा नंतर. तेव्हा पुत्र नव्हता असाही काळ असलाच पाहिजे. आरियसचे म्हणणे नेमके हेच होते. ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेने ते नाकारले: पुत्र जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही, तो प्रकाशापासून प्रकाश आहे. दिव्याने दिवा लावण्याचा आपला दाखला इथे आठवतो, परंतु तोही लंगडा पडतो, कारण पहिला दिवा आधीच तेवत असतो. त्यापेक्षा इब्री पत्रातील उपमा सरस. तिथे पुत्राला देवाच्या गौरवाचे तेज म्हटले आहे. आणि सूर्य आधी उगवला, प्रभा मागाहून आली, असे कधी घडत नाही.