हृदयरोगाचे पथ्य आणि आपली चूल

आरोग्यप्रबोधनाच्या साहित्याची समीक्षा करण्याची पद्धत मराठीत नाही. कविता, कथा, आत्मकथने यांची समीक्षा होते. पण दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता, शिबिरात हाती पडणारे चार पानी पत्रक, रविवारच्या पुरवणीतला 'हृदय सांभाळा' छापाचा लेख यांना साहित्य समजून कोणी हात लावीत नाही. खरे पाहता आपल्या वस्तीतल्या माणसांच्या हाती कवितासंग्रहापेक्षा ही पत्रकेच अधिक पडतात. आणि पत्रक झाले तरी त्याला निवेदक असतो, नायक असतो, खलनायक असतो, मनात धरलेला एक वाचकही असतो. तो वाचक कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेली काही वर्षे हृदयविकारावरची मराठी पत्रके मी जमवीत आलो आहे. त्यांतला नायक ओळखायला वेळ लागत नाही. तो पन्नाशीचा आहे, खुर्चीत बसून काम करतो, त्याच्या घरी साजूक तूप आहे, इमारतीला लिफ्ट आहे आणि जवळपास बाग आहे. म्हणून त्याला सांगितले जाते की तूप-लोणी कमी करा, लिफ्ट टाळा, जिने चढा, सकाळी मोकळ्या हवेत फिरा, मन प्रसन्न ठेवा. हा सल्ला खोटा नाही. त्या माणसासाठी तो अगदी योग्य आहे. पण बांधकामावर डोक्यावर विटा घेऊन दिवसभर जिने चढणाऱ्या बाईच्या हाती हेच पत्रक पडते तेव्हा तिने काय करावे? ती हसते आणि त्याच्यात चटणी बांधून नेते. मला तिचे वागणे पत्रक लिहिणाऱ्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते.

कोणी म्हणेल, हृदयरोग हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा रोग; आपल्यासाठी पत्रक नसले तर बिघडले कुठे? हा समज आपल्याही कार्यकर्त्यांत आहे आणि तो घातक आहे. देशातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० साली सुमारे १५ टक्के होता, तो २०१६ साली २८ टक्क्यांवर गेला. एवढे सगळे काही तुपाचे धनी नव्हते. २०१४ साली भारतासह १७ देशांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब देशांतल्या माणसांत चरबी, रक्तदाब, तंबाखू या सर्व धोक्यांची बेरीज श्रीमंत देशांहून कमी भरली. आणि तरीही झटके आणि मृत्यू त्यांच्यातच जास्त निघाले. धोका कमी आणि मरण जास्त! मधल्या जागेत काय आहे? वेळेवर न झालेले निदान, न मिळालेली गोळी, लांब असलेला दवाखाना. पत्रकातल्या नायकाला या मधल्या जागेची ओळख नाही, म्हणून ती पत्रकात नाही.

आता 'सात्त्विक आहार' या शब्दाकडे येतो. जमवलेल्या पत्रकांत हा शब्द मला वारंवार भेटला. हा वैद्यकशास्त्राचा शब्द नव्हे. संपृक्त चरबी किती, मीठ किती, तंतू किती, ही शास्त्राची भाषा. सात्त्विक, राजस आणि तामस ही वर्गवारी कोणाच्या ताटात काय आहे हे पाहून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेची आहे. गंमत अशी की या वर्गवारीत तूप सर्वांत वरच्या पाटावर बसते, आणि हृदयरोगाचा डॉक्टर पहिल्यांदा त्याच्याकडेच बोट दाखवतो. म्हणजे एकाच पत्रकात वरच्या ओळीत तुपाला मनाई आणि खालच्या ओळीत तुपाची आरती! लिहिणाऱ्याला विसंगती दिसत नाही, कारण दुसरी ओळ त्याने शास्त्रातून घेतलेलीच नाही, ती त्याच्या घरातून आली आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. या पुस्तकाची चर्चा खाद्यसंस्कृतीचे पुस्तक म्हणून झाली. आरोग्यप्रबोधन करणाऱ्यांनी ते पाठ्यपुस्तक म्हणून वाचायला हवे. ज्याच्या चुलीवर काय शिजते हे माहीत नाही, त्याला पथ्य सांगण्याचा अधिकार कसा पोहोचतो?

कारण आपल्या चुलीचा खलनायक निराळा आहे. तो तूप नव्हे, मीठ आहे. जिथे कालवण नसते तिथे मीठच कालवण होते. शिळी भाकरी, मीठ-मिरचीचा ठेचा, खारवलेली मासळी, मूठभर सुकट यांवर पिढ्या निघाल्या. आज त्यात पाच रुपयांच्या खारट पुड्यांची भर पडली आहे, आणि कामावर जाणाऱ्या आईच्या मागे लेकरांचे दुपारचे जेवण बरेचदा तेच असते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या लहान चमच्यापेक्षा कमी मीठ सांगते. पत्रकात मिठाला एक ओळ मिळते, 'लोणची-पापड टाळा'. लोणची-पापड ज्यांच्या ताटात डाव्या बाजूला असतात त्यांच्यासाठी ही ओळ आहे; ज्यांचे मीठ ताटाच्या मधोमध आहे त्यांच्यासाठी पत्रकात शब्द नाही. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला वाटते की घामावाटे गेलेले मीठ भरून काढलेच पाहिजे. त्याच्याशी वाद घालायचा तर त्याच्या कामाविषयी काही ठाऊक असावे लागते.

तंबाखूचेही तसेच. चित्र असते विडी-सिगारेटचे, शब्द असतो 'धूम्रपान'. आपल्या आया-बहिणींच्या हिरड्यांवर असते ती मशेरी. भाजून कुटलेली तंबाखू ती, धूर कुठे आहे त्यात? बाई पत्रक ऐकते आणि मनाशी म्हणते, मी कुठे ओढते! भुकेच्या वेळी पोटाला गप्प बसवणारी, गटारात उतरताना घाण सहन करायला लावणारी ही तंबाखू नाडी वाढवते, रक्तदाब वाढवते. पण हे तिच्या बोलीत कोणी सांगत नाही. एका शब्दाच्या निवडीने लाखो बाया प्रबोधनाच्या बाहेर जातात. याला मी भाषेतली अस्पृश्यता म्हणतो.

आणि झडपांचा हृदयरोग तर पत्रकात जवळजवळ नाहीच. लहान मुलाचा घसा एका जंतूने सुजतो. उपचार झाला नाही तर काहींना मागाहून सांधे सुजवणारा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा रोग दाटीच्या घरात फैलावतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात तिथे एकाचा घसा सगळ्यांचा होतो. ज्याला हा ताप येऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते स्वस्त आहे. श्रीमंत देशांत हा रोग घरे सुधारली, औषधे पोचली तसा बहुतेक सरला. म्हणजे इथे पथ्य खाण्याचे नसून घराचे आहे. पण 'मोठे घर घ्या' असे पत्रकात लिहिता येत नाही, म्हणून रोगच गाळला जातो!

प्रस्थापितांच्या पत्रकांविषयी इतके बोललो. आता आपल्याकडे वळणे भाग आहे. आपल्या साहित्यात शरीर आहे. मार खाल्लेले, उपाशी, राबलेले शरीर आहे. पण आजारी शरीर कितीसे आहे? 'छातीत कळ आली आणि गेला' एवढ्या वाक्यात बाप संपतो. ती कळ कुठून आली, आधी किती वर्षे रक्तदाब होता, कोणी मोजला होता का, हे लेखक विचारीत नाही आणि आम्ही समीक्षकही विचारीत नाही. भुकेने मेला तर तो व्यवस्थेचा बळी, आणि रक्तदाबाने मेला तर नशिबाचा, अशी एक न लिहिलेली विभागणी आपण मान्य करून बसलो आहोत.

चळवळीचेही पाहा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या त्या पक्षाची बंदूक आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे दवाखाने फारसे ठाऊक नाहीत. १९७० पासून त्यांनी आपल्या शाखांना मोफत दवाखाने काढायला लावले, सिकलसेलची तपासणी वस्तीवस्तीत नेली, रक्तदाब मोजला, आणि १९७२ साली आपल्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेचे कलम घातले. आपल्या पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातही मोफत औषधोपचाराची मागणी होती. फरक एवढाच की आपण मागणी केली; त्यांनी मागणीही केली आणि दवाखानाही काढला. हा फरक लहान नाही. नाव आपण घेतले, दवाखाना तिथेच राहिला.

त्याच काळ्या समाजातला अलीकडचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत ३१९ काळ्या पुरुषांवर तो झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा रक्तदाब बराच वाढलेला होता. निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जा, खाणे-वागणे सुधार असे सांगायचे. उरलेल्या दुकानांत शिकलेला औषधतज्ज्ञ स्वतः येई, रक्तदाब मोजी, तिथेच गोळी सुरू करी, पुन्हा येऊन बदली. सहा महिन्यांनी उपदेशाच्या दुकानांत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. गोळीच्या दुकानांत २७ अंकांनी. हे आकडे प्रत्येक आरोग्यशिबिराच्या फलकावर लिहावेत. ओळखीच्या माणसाच्या तोंडून आलेला उपदेश निरुपयोगी नाही, पण त्याच्यामागे गोळी आणि पुन्हा येणारा माणूस नसेल तर तो नऊ अंकांवर थांबतो.

हा प्रयोग जशाचा तसा उचलायला निघू नये. काळ्या माणसाचे केशकर्तनालय त्याचे स्वतःचे आहे, तिथे तो मोकळा बोलतो. आपल्या गावांत न्हाव्याच्या दुकानाचा इतिहास काय आहे हे या वाचकांना मी सांगायला नको. आपली मोकळी जागा म्हणजे विहार, समाजमंदिर, जयंतीचा मांडव. चौदा एप्रिलला मांडवात रक्तदाब मोजतात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरही वैद्यकीय मदतीचे मांडव असतात, हे चांगलेच आहे. पण एक दिवस मोजून चिठ्ठीवर आकडा लिहून दिला म्हणजे काय झाले? रक्तदाब दुखत नाही. चिठ्ठी खिशात विरते. मोजणारा पुढच्या महिन्यात त्याच विहारात पुन्हा बसला पाहिजे, वहीत नाव पाहिजे, आणि न आलेल्याच्या दारात कोणीतरी गेले पाहिजे. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशांची परंपरा आहे. ज्या जलशाने निरक्षर माणसाला चळवळ समजावली, त्याला मशेरी, मीठ आणि रोजची गोळी का समजावता येऊ नये? पत्रकापेक्षा ते काम जलसाच करील, कारण जलशाला समोरचा माणूस माहीत असतो.

राहिला गोळीचा प्रश्न. २०१७ पासून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि एका वेळी महिन्याभराची गोळी सरकारी केंद्रातून मोफत देणे हा त्याचा गाभा आहे. कागदावर हे योग्यच आहे. परंतु आरोग्य केंद्राची खिडकी उघडते ती मजुरीच्या वेळात. ज्या बाईला पत्रकाने जिने चढायला सांगितले, तिला गोळीसाठी महिन्यातून एक खाडा करावा लागतो. आणि 'बरे वाटते आहे' असे वाटले की पहिल्यांदा तो खाडाच वाचवला जातो. संध्याकाळी सातनंतर किंवा सुटीच्या दिवशी विहारातून ती गोळी देता येईल का, हे आरोग्य खात्याला लेखी विचारणारा एक तरी अर्ज आपल्या कुठल्या शाखेने केला आहे काय?