पाहुणे नव्हे, घरचेच

लेड झेपलिनचं 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' तुम्ही ऐकलं असेल, तर सँडी डेनीला तुम्ही ऐकलेलं आहे. त्यात रॉबर्ट प्लांटच्या जोडीने गाणारा बाईचा आवाज तिचाच. पण त्याच वर्षी, म्हणजे १९७१ साली, तिने स्वतःच्या नावावर पहिला अल्बम काढला, 'द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स'. तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर पडला असेल. मी तो उंटरश्लाइसहाइमहून म्युनिकला जाताना एस-१ गाडीत ऐकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या 'लीज अँड लीफ' (१९६९) या अल्बममध्ये जुनी ब्रिटिश लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर आली आणि ती गाणारी सँडी होती. मग तिने स्वतःचा फॉदरिंगे हा बँड काढला. १९७०मध्ये त्याचा एक अल्बम आला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बँड मोडला. आता एकटीने उभं राहायचं होतं. मुखपृष्ठावर ती एकटीच आहे, पण आतली वादकांची नावं वाचा. फेअरपोर्टचा रिचर्ड थॉम्पसन आहे, फॉदरिंगेचे जेरी डोनाह्यू, पॅट डोनाल्डसन, जेरी कॉनवे आणि ट्रेव्हर लुकस आहेत. यांना पाहुणे कलाकार कसं म्हणायचं? हे तर घरचेच.

अल्बमचं बळ यातच आहे आणि दोषही यातच. डिलनचं 'डाउन इन द फ्लड' आणि ब्रेंडा लीने गाजवलेलं 'लेट्स जंप द ब्रूमस्टिक' ही गाणी म्हणजे मित्रमंडळींची रात्री उशिराची बैठक. वाजवणाऱ्यांना मजा आलेली कळते, पण गाणारी त्या गर्दीत मागे सरकते. मला तर वाटतं, ती मुद्दामच मागे सरकते. एकटीवर नजर खिळली की अवघडणारी माणसं असतात, त्यातली ती असावी.

आता 'नेक्स्ट टाइम अराउंड' लावा. जॅक्सन सी. फ्रँक या गायकाच्या आठवणीत लिहिलेलं मानलं जाणारं हे गाणं. पियानो, मागे हॅरी रॉबिन्सनने बांधलेली व्हायोलिनं, आणि मधोमध तो आवाज, जराही न ओरडता उंच जाणारा. 'ब्लॅकवॉटरसाइड' हे पारंपरिक गीत फसवल्या गेलेल्या मुलीचं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत बाई जसं दुःख रडगाणं न करता सांगते, तसंच ती ते सांगते. 'द सी कॅप्टन'मध्ये थॉम्पसनची गिटार तिच्या ओळी संपेपर्यंत थांबते आणि मगच बोलते. आपल्याकडे याला साथसंगत म्हणतात. चांगला साथीदार गायकाला झाकत नाही आणि एकटं पाडतही नाही.

घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हा अल्बम म्हणूनच जवळचा वाटावा. 'मी एकट्याने सगळं उभं केलं' असं आपण सांगतो, तेव्हा मागे कोण कोण वाजवत होतं ते विसरतो. कधी याच्या उलट होतं. मंडळाच्या गोंगाटात आपण इतके रमतो, की स्वतःचा सूर लावायचाच राहून जातो. या अल्बममध्ये दोन्ही गोष्टी ऐकू येतात.

सँडी १९७८ साली गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, चार एकल अल्बम मागे ठेवून. पुढचा 'सँडी' (१९७२) याहून जास्त सफाईदार आहे. तरी सुरुवात इथूनच करा. पहिल्यांदा ऐकताना ती दोन उसनी गाणी वगळलीत तरी चालेल. शीर्षकगीत मात्र शेवटासाठी ठेवा. ते समुद्राचं आणि निरोपाचं गाणं आहे, आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.