निवड, नेमणूक आणि पोलीस पाटील

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ मतदार निवडून देतात. मुंबईच्या शेरीफास मराठीत ‘नगरपाल’ म्हणतात. परंतु ते पद केवळ मानाचे व शासननियुक्त आहे. त्यामुळे अंबाजोगाई तालुक्यातील मतदारास काउंटीचा शेरीफ समजावून देताना हा प्रतिशब्द निरुपयोगी ठरतो. गावातच राहून शांतता राखणारा व गुन्ह्याची वर्दी ठाण्यास देणारा पोलीस पाटील त्याला अधिक जवळचा वाटेल.

परंतु खरी अडचण येथेच आहे. निजामी अमलात माली पाटील व पोलीस पाटील ही पदे घराण्यांत चालत. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार वंशपरंपरेचा हक्क उरला नाही, पण त्या जागी मतदानही आले नाही. लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन उपविभागीय अधिकारी नेमणूक करतात. तरीही बोलण्यात पोलीस पाटलाची ‘निवड’ होते आणि सरपंचाचीही ‘निवड’च होते. धान्य निवडणारा कोण, हे ‘निवडणे’ हे क्रियापद मुळातच सांगत नाही. ‘निवडणूक’ व ‘नेमणूक’ असे दोन नेमके शब्द हाताशी असता हा सैलपणा चालू राहावा, हा केवळ कोशकाराचा प्रश्न म्हणता येत नाही. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये परतली. तेथे मत कोणाचे, हे मतदारास ठाऊक होते. पोलीस पाटील तंट्यात पक्षपाताने वागला, तर मात्र मतपेटीचा उपयोग नाही. तक्रारअर्ज घेऊन अंबाजोगाईच्या उपविभागीय कार्यालयाचीच पायरी चढावी लागते.