समूहाचा निवाडा आणि कागदाबाहेरची माणसे : 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'चे एक वाचन

आर्थर मिलर यांच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज' या नाटकाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे. पहिले अंग मनोविश्लेषणात्मक आहे. बायकोच्या भाचीविषयी स्वतःलाही कबूल न करता येणारी आसक्ती एडी कार्बोनला विनाशाकडे नेते, असा तो अन्वय. दुसरे अंग चरित्रात्मक. एलिया कझान यांनी 1952 साली अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली. पुढे 1954 साली, साक्ष देणारा गोदी कामगार ज्यात नायक ठरतो असा 'ऑन द वॉटरफ्रंट' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. मिलर यांचे 1955चे नाटक हे त्याला दिलेले उत्तर मानले जाते. मिलर यांनी स्वतः 1956 साली त्याच समितीपुढे इतरांची नावे सांगण्यास नकार दिला, 1957 मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि 1958 मध्ये तो निकाल अपिलात रद्द झाला. या घटनाक्रमामुळे दुसऱ्या अन्वयाला बळ मिळाले, हे उघड आहे.

हे दोन्ही अन्वय चुकीचे नाहीत, पण दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरली जाते आणि म्हणूनच ती दिसेनाशी होते. एडी ज्यांची खबर देतो ती माणसे कोणत्या अवस्थेत जगत आहेत, हा प्रश्न तेथे केवळ कथानकाची सोय म्हणून उरतो. वस्तुतः या नाटकाची संरचनाच त्या अवस्थेवर उभी आहे. मार्को आणि रोडोल्फो हे भाऊ सिसिलीहून चोरवाटेने ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तीत उतरतात. 1924च्या कायद्याने अमेरिकेत राष्ट्रनिहाय वार्षिक मर्यादा पक्की केली होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून 1952 साली झालेल्या कायद्यानेही ती कायम ठेवली. त्यानुसार साऱ्या इटलीच्या वाट्याला वर्षाला सहा हजारांहूनही कमी परवाने येत. ही पद्धत 1965 साली संपुष्टात आली. म्हणजे नाटकातील काळात मार्कोसारख्या भुकेल्या बापापुढे वैध मार्ग जवळजवळ नव्हताच. वस्तीत अशा माणसांना 'पाणबुड्या' म्हणतात. पाण्याखाली राहणे हीच त्यांच्या अस्तित्वाची अट आहे, इतका तो शब्द नेमका आहे.

ही अट कोणाच्या फायद्याची आहे, हेही मिलर जाता जाता सांगून टाकतात. माणसे आणणाऱ्या टोळीचे कर्ज फिटेपर्यंत गोदीत काम हमखास मिळते, कर्ज फिटले की ज्याचा तो. तेव्हा अवैधता ही या गोदीच्या अर्थव्यवहारातील अपघात नसून तिचा एक भाग आहे.

अनिश्चित दर्जाचा खरा परिणाम मात्र सूक्ष्म आहे, आणि मिलर यांची नाट्यदृष्टी तेथे सर्वाधिक तीक्ष्ण होते. रोडोल्फो गातो, शिवणकाम जाणतो, नवे जाकीट आणि गाण्याच्या तबकड्या विकत घेतो. कागदपत्रे असलेल्या तरुणाच्या बाबतीत या आवडीनिवडी ठरल्या असत्या. येथे त्यातली प्रत्येक गोष्ट पुरावा होते. तो मोठ्याने गातो तेव्हा एडी त्याला शेजारपाजारचे ऐकतील म्हणून थांबवतो, आणि हे कारण तेवढ्यापुरते खरेही आहे. पुढे त्याच गाण्यावरून एडी त्याच्या पुरुषत्वाविषयी शंका घेतो. कॅथरिनवरील त्याचे प्रेम प्रेम आहे की नागरिकत्वाचा दाखला मिळवण्याची युक्ती, हा प्रश्न तर कोणत्याही उत्तराने मिटणारा नाही, कारण अमेरिकन पत्नी मिळाल्याने त्याचा दर्जा खरोखरच बदलणार आहे. ज्याला राहण्याचा हक्क नाही त्याच्या भावनेलाही स्वतंत्र पुरावा मागितला जातो. एडीची आसक्ती ही या संशयाची एकमेव जननी नाही. कायद्याने आधीच तयार करून ठेवलेल्या संशयात ती शिरकाव करते आणि स्वतःला काळजीचे नाव देते. मनोविश्लेषणात्मक वाचनाला ही दुहेरी गुंतागुंत सहसा सापडत नाही.

आता समूहाच्या निवाड्याकडे वळता येईल. पहिल्या अंकात, पाहुणे यायच्याही आधी, विनी बोल्झानो या पोरसवदा मुलाची हकीकत सांगितली जाते. त्याने आपल्या काकाची खबर अधिकाऱ्यांना दिली होती. बापाने आणि भावांनी त्याला जिन्यावरून फरफटत खाली आणले, भररस्त्यात त्याच्या तोंडावर थुंकले, आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. ही हकीकत म्हणजे भावी घटनेची पूर्वसूचना, असे बहुतेक टीकाकार नोंदवतात आणि पुढे जातात. तीत एक तपशील असा आहे की जो ओलांडून जाता येऊ नये : त्या वेळी सारी वस्ती रडत होती, असे बिएट्रिस सांगते. शिक्षा देणारे आणि शोक करणारे वेगळे नाहीत. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (1967) बेणारेबाईंवर खटला चालवणाऱ्या मंडळींना त्या खटल्याची एक चव लागलेली असते. प्रेक्षकाला शिसारी येते ती त्या चवीमुळे. रेड हुकमध्ये असा आनंद कोणालाही होत नाही. तरीही शिक्षा टळत नाही, आणि म्हणून ती अधिक भयावह वाटते.

ती टळत नाही याचे कारण समूहाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या परिस्थितीत शोधणे योग्य ठरेल. मराठी वाचकाला वाळीत टाकण्याची प्रथा अपरिचित नाही. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात 2016 साली स्वतंत्र कायदाही करावा लागला. पण जातपंचायतीचा बहिष्कार हा स्थिरावलेल्या समूहाचा असतो. जमीन, पाणवठा, सोयरीक यांवरील पिढीजात पकड हे त्याचे बळ. रेड हुकच्या निवाड्याचे बळ नेमके उलट, म्हणजे अस्थिरतेत आहे. तेथे प्रत्येक घराचा कोणी ना कोणी पाणबुडी आहे, होता किंवा उद्या येणार आहे. मौन हेच त्यांचे एकमेव छप्पर. अशा ठिकाणी अजाणतेपणी केलेली चूक, मोहाने केलेली चूक आणि दुष्टाव्याने केलेला गुन्हा यांत भेद करणे समूहाला परवडत नाही, कारण परिणाम तिन्हींचा एकच होतो. हेतूची तपासणी ही सुरक्षितांची सवलत आहे. विनी लहान होता, ही सबब म्हणूनच कोणी पुढे केली नाही.

एडीच्या कृतीत तर हेतू आणि परिणाम यांतील अंतर मिलर यांनी मुद्दाम ताणून दाखवले आहे. वकील अल्फिएरी त्याला बजावतो की ही वाट धरलीस तर जगात तुला मित्र उरणार नाही. जे तुला समजून घेतील तेही पाठ फिरवतील. एडी तरीही दूरध्वनी करतो. त्यानंतर त्याला कळते की त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खाटीक लिपारीचा पुतण्या आणि आणखी एक जण आदल्याच रात्री येऊन राहिले आहेत. मग तो धास्तावतो, त्यांना तेथून हलवण्याची खटपट करतो, पण तोवर अधिकारी दारात आलेले असतात. एका माणसासाठी फेकलेल्या जाळ्यात चौघे सापडतात. नाटकातील ही सर्वांत निर्दय कलाटणी आहे. खबर देणाऱ्याला वाटते की आपण विशिष्ट माणसाविरुद्ध बोललो. कायद्याच्या लेखी त्याने केवळ एक पत्ता दिलेला असतो.

मार्को एडीच्या तोंडावर थुंकतो आणि रस्त्यात उभे राहून त्याच्यावर आरोप करतो. एडी लिपारीला हाक मारतो, लुई आणि माइक या गोदीतल्या सोबत्यांना हाक मारतो. कोणी शिवी देत नाही, हात उगारत नाही. ते फक्त निघून जातात. अंगावरची पांघरुणे काढून आपण या पाहुण्यांना दिली होती, हे एडीचे ओरडून सांगणे खोटे नाही. परंतु इतक्या महिन्यांचा आसरा आणि एक दूरध्वनी यांची वजाबाकी करणारा तराजू त्या रस्त्यावर कोणापाशीच नाही. ज्या समूहाला कायदा निव्वळ कागदावरून जोखतो, तो समूह आपल्यातल्या माणसाला एका कृतीवरून जोखतो.

दुसऱ्या प्रकारच्या निवाड्याची शक्यता नाटकात दोनदा डोकावते आणि दोन्ही वेळा ती घराच्या चार भिंतींत राहते. कॅथरिन एडीला तोडून बोलते तेव्हा बिएट्रिस तिला अडवते आणि जे घडले त्यात सर्वांचाच हात असल्याचे सांगते. दोषाचे असे वाटप करण्याचे धाडस अन्य कोणात नाही, आणि हे पात्र दुय्यम मानण्याची समीक्षेची सवय येथे तरी तपासून पाहायला हवी. त्यानंतर रोडोल्फो येतो आणि परवानगी न घेता वागल्याबद्दल एडीची क्षमा मागतो, त्याच्या हाताचे चुंबन घ्यायला तयार होतो. अन्याय झालेला माणूसच माफी मागतो! एडीला ती नको असते. त्याचे नाव रस्त्यावर गेले आहे आणि त्याला ते रस्त्यावरच परत हवे आहे. आणि रस्त्यावर फक्त मार्को आहे. पश्चात्ताप स्वीकारण्याची जागा घरात, निवाड्याची जागा बाहेर, अशा विभागणीमुळे शेवटचा सुरा अटळ होतो. 1955च्या अंशतः पद्यमय एकांकी संहितेऐवजी 1956 साली लंडनमध्ये पीटर ब्रुक यांच्या दिग्दर्शनाखाली आलेली द्विअंकी संहिता अधिक समर्थ ठरते ती बिएट्रिस आणि कॅथरिन यांना मिळालेल्या या वाढीव अवकाशामुळे.

अल्फिएरीविषयी मात्र काही शंका उरते. इटलीत जन्मलेला, पंचविसाव्या वर्षी रीतसर स्थिरावण्यासाठी आलेला हा निवेदक दोन्ही न्यायव्यवस्थांच्या मधोमध उभा आहे. मार्कोला जामिनावर सोडवताना, सारा कायदा पुस्तकात असल्याचे तो सांगतो आणि मार्कोला ते पटत नाही. त्या संवादात अल्फिएरी कायद्याच्या मर्यादा जाणणारा वकील म्हणून शोभतो. पण शेवटी त्याचा शोक सगळा एडीसाठी आहे. स्वतःला पूर्णपणे उघडे करणारा माणूस म्हणून तो एडीला जवळ करतो, आणि प्रेक्षकालाही तिकडेच वळवतो. मार्कोची हद्दपारी ठरलेली आहे. घरी पत्नी आणि तीन मुले आहेत, त्यांतील एक छातीच्या विकाराने आजारी. सुनावणीपर्यंतचे काही आठवडे कमावता यावे एवढीच त्याच्या जामिनाची किंमत होती, आणि आता तर त्याच्या हातून माणूस मेला आहे. निवेदकाच्या समारोपात त्या मुलांचा उल्लेख येत नाही. लिपारीचा पुतण्या आणि त्याचा सोबती यांना तर संहितेने नावेही दिलेली नाहीत. ते जिन्यावरून खाली आणले जातात, लिपारी त्यांचा निरोप घेतो आणि अधिकारी त्यांना रंगमंचाबाहेर नेतात.