बेटावरच्या माणसांचा समुद्र

चिंचपोकळी स्थानकावर उभे राहिले असता समुद्र कोठेच दिसत नाही. तरीही परळ आणि माझगाव या जुन्या बेटांच्या सांध्याजवळची ही वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळ हॉर्नबीचा बांध घातला जाईपर्यंत भरतीचे पाणी बेटांमधील सखल भागात शिरत असे. पायधुणी हे नाव त्याचीच साक्ष देते. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले की पाणी आजही आपली जुनी वाट शोधून काढते.

ह्या बेटवासीयांच्या मराठी साहित्यात समुद्र कितपत उतरला आहे? गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) ह्या ग्रंथात तो मागे हटवलेला समुद्र आहे. नगरीच्या भरभराटीच्या कहाणीतील पराभूत पक्ष म्हणा ना! मर्ढेकरांनी माघातल्या पहाटेचे बंदर रंगवले. तेथे धक्क्यावरच्या बोटी अजून झोपेत आहेत आणि शहराची धांदल पोटात दडलेली आहे. कविता अत्यंत सुंदर आहे, यात वाद नाही; पण तो पाहणाऱ्याचा समुद्र आहे. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये केंद्रस्थानी आहेत ते रस्ता, कारखाना आणि कामगार. हे स्वाभाविकच होते. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्याला भरती-ओहोटीच्या वेळा कशाला हव्यात?

येथे मात्र थोडे थांबावेसे वाटते. गिरणगावातील कोकणच्या चाकरमान्याला समुद्र परका नव्हता. गावी जाण्याची ती वाटच होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या घटनेचा ठसा मराठी कवितेवर जेवढा उमटायला हवा होता तेवढा उमटला नाही, असे माझे मत आहे. आमच्या लेखकांनी गिरणीतले मरण ओळखले. घरी जाणाऱ्या वाटेवरचे नाही.

समुद्राशी ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत उधाण आणि भांग हे शब्द पंचांगातील तिथीइतके नेमके वापरले जात. होडी, वारा, जाळे ही त्यांच्या गाण्यांतली नुसती प्रतिमा नव्हे, घरातली वस्तू आहे. समीक्षक मात्र त्यांवर 'लोकगीत' अशी चिठ्ठी लावून ती साहित्याच्या चर्चेबाहेर ठेवतात. हा अन्याय आहे आणि त्याला आपणही थोडे जबाबदार आहोत. लग्नघरी म्हाताऱ्या बायका गातात तेव्हा आपल्या धर्मग्रामातील कितीजण वही घेऊन बसतात?