बंद कर ते!

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू एकच. जमीनजुमला नाही, सोनंनाणं नाही. एक वाक्य आहे. "बंद कर ते!"

बुधवारी रात्री मी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लावली, की आमचे वडील माजघरातून हे वाक्य म्हणायचे. वडील बालगंधर्वांचे भक्त. त्यांच्यानंतर गाणं संपलं आणि उरला तो गलका, असं वडिलांचं मत. पुढे 1995 साली आमच्या चिरंजीवांनी मित्राकडून आणलेली एक कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली. पेटी नाही, तबला नाही. एक मनुष्य भांडल्यासारखा बोलतोय आणि मागे कुणीतरी खलबत्ता कुटतंय. मी बँकेतून दमून आलेलो. वडिलोपार्जित वाक्य मी त्याच पट्टीत म्हटलं आणि स्वतः उठून बटण दाबलं.

गेल्या महिन्यात चिरंजीवांनी, वय वर्षं सत्तेचाळीस, तेच वाक्य आपल्या कन्येला ऐकवलं. तिच्या फोनवरही एक मनुष्य भांडल्यासारखा बोलत होता.

"बंद कर ते! हिपहॉप ऐकायचं तर चौऱ्याण्णव सालचं ऐक. हल्ली काय उरलंय त्यात?"

मी पेपर खाली ठेवला. आमचे वडील परत आले होते. फक्त बालगंधर्व बदलले होते.

निवृत्त माणसाकडे वेळ मुबलक असतो. मी न्यायाधीश व्हायची तयारी दाखवली. दोन्ही पक्षांनी आपापले अल्बम पुरावा म्हणून दाखल करायचे, मी दुपारची झोप मोडून ते ऐकायचे आणि निकाल द्यायचा. शब्द कळेनात म्हणून नात ते फोनवर मोठ्या अक्षरांत काढून द्यायची. शिवी आली की म्हणायची, "आबा, ही ओळ सोड." बऱ्याच ओळी सोडाव्या लागल्या.

चिरंजीवांचा पहिला पुरावा 1988 सालचा. पब्लिक एनिमी या मंडळींचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'. नावातच अर्धा श्वास संपतो. सुरुवातीलाच सायरन. मी सवयीनं गॅस बंद आहे का ते पाहून आलो. चक डी नावाचे गृहस्थ खर्जात बजावून सांगताहेत आणि फ्लेव्हर फ्लेव्ह नावाचे दुसरे, गळ्यात भलंमोठं घड्याळ अडकवून, मधूनमधून तोंड घालताहेत. आपल्या तमाशात राजा बोलत असताना सोंगाड्या घालतो ना, अगदी तसं. अल्बम कर्कश आहे. पण घराला आग लागल्याचं सांगणारा माणूस मालकंसात सांगत नाही. तीन वेळा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या गोंगाटातला एकेक आवाज मोजूनमापून ठेवलेला आहे. पूर्ण गुण.

दुसरा पुरावा 'इलमॅटिक', 1994. नॅस हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला वीस वर्षांचा पोरगा. दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. आपल्या वसाहतीत जे दिसलं ते सांगितलं आणि उठला. वीस वर्षांच्या मुलाला कुठे थांबावं हे कळतं, ही गोष्ट मला साठ वर्षांच्या गवयांतही फारशी आढळलेली नाही. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक कॉर्नेट वाजतो. दिवेलागणीला कुणीतरी लांबून हाक मारावी तसा.

"हा कोण वाजवतोय?" मी विचारलं.

"ओलू दारा. त्याचे वडील," चिरंजीव म्हणाले. मग जरा थांबून, "अण्णा, तुम्ही बंद केली होतीत ती कॅसेट हीच."

मी चष्मा पुसत बसलो. त्या मुलाच्या रेकॉर्डवर त्याच्या बापानं कॉर्नेट वाजवला होता. माझ्या मुलाच्या रेकॉर्डवर मी एकच वाद्य वाजवलं होतं, स्टॉपचं बटण.

आता नातीची बाजू. केंड्रिक लमार, 'टू पिंप अ बटरफ्लाय', 2015. लांबी एकोणऐंशी मिनिटं. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, दोन-तीन रेडिओ एकदम लागले आहेत. मधूनच जॅझ, मधूनच गोंगाट, आणि हा गडी दर गाण्याला आवाज बदलतो. कधी टिपेला जाऊन चिरकतो, कधी रडतो. ताटात पदार्थ जरा जास्तच वाढलेत, हा माझा आक्षेप कायम आहे. पण शेवट ऐकून मी ताठ बसलो. तिथे केंड्रिक तुपाक शकूरशी गप्पा मारतो. तुपाक 1996 सालीच गोळ्या लागून गेलेला. त्याच्या 1994 सालच्या मुलाखतीतली उत्तरं घेऊन यानं मध्ये आपले प्रश्न बसवलेत. शेवटी तो एक गोष्ट सांगतो आणि तुझं मत काय म्हणून विचारतो. उत्तर येत नाही. तो हाक मारतो. अल्बम संपतो. याच केंड्रिकच्या पुढच्या अल्बमला, 'डॅम'ला, 2018 साली संगीताचं पुलित्झर मिळालं. तोवर ते शास्त्रीय आणि जॅझवाल्यांच्या पंगतीतच वाढलं जायचं.

नंतर ड्रेकचा 'स्कॉर्पियन', 2018. पंचवीस गाणी, दीड तास! पूर्वी तबकडी भरली की गाणाऱ्याला उठावं लागे. आता फोनवर गाणं जितक्यांदा वाजेल तितके पैसे, म्हणून वाढतच राहायचं. मी म्हटलं, "अगं, एवढं सगळं ऐकायचं?"

"आबा, सगळं कोण ऐकतं?" नात म्हणाली. एवढं नेमकं परीक्षण मला लिहिता आलं नसतं.

तिनं त्यातलं 'नाइस फॉर व्हॉट' लावलं आणि चिरंजीव खुर्चीतून उठले.

"अरे! ही तर लॉरिन हिल! ही माझी आहे, अठ्ठ्याण्णव सालची!"

खरंच होती. तिच्या 1998 च्या गाण्याचा तुकडा ड्रेकनं खाली घातला होता. चिरंजीवांचा चेहरा पाहून मला 2002 साल आठवलं. तेव्हा अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या बाईंचं 'ॲडिक्टिव्ह' गाजत होतं. चिरंजीवांनी ते लावलं आणि मी बटणाकडे निघालो. अर्ध्या वाटेत पाय थबकले. "अरे, ही तर आपली लता!" 1981 च्या 'ज्योती' चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं गाणं, न विचारता उचललेलं. पुढच्याच वर्षी तिथल्या न्यायालयानं लाहिरींचं नाव छापल्याखेरीज अल्बम विकू नका म्हणून बजावलं, आणि ते योग्यच झालं. शेजाऱ्याची पातेली न्यावी, पण सांगून न्यावी. तरी त्या दिवशी मी बटण दाबलं नाही, हेही तितकंच खरं.

या गाण्याचा जन्मच तसा आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, कूल हर्कच्या बहिणीनं शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमवावेत म्हणून नाचाची पार्टी ठेवली. मुलींना तिकीट पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. गाणं थांबून नुसता ठेका वाजतो तेवढाच तुकडा, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन, पुन्हापुन्हा वाजवायची हर्कची युक्ती. जुन्या रेकॉर्डींतून नवं गाणं. यात जुनं विरुद्ध नवं असा दावा कसा उभा राहणार? वादी प्रतिवादीच्या पोटातच गात बसलेला.

"बंद करू का, बाबा?" नातीनं मुद्दाम विचारलं.

"राहू दे," चिरंजीव म्हणाले. आमच्या घराण्यात हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं.

मी दावा काढून टाकला. गुणच द्यायचे तर 'इलमॅटिक'ला पैकीच्या पैकी, केंड्रिकला दोन कमी, ते लांबीचे. 'स्कॉर्पियन'ला पंचविसातल्या एका गाण्यापुरते. मग चिरंजीवांना हळूच म्हटलं, "ती कॅसेट लाव रे. मी जिथे बंद केली होती, तिथून पुढे."

"ती तिसऱ्या गाण्यालाच बंद केलीत, अण्णा. कॉर्नेटच्या आधी."

त्यानं लावलं. तिघं गप्प बसून ऐकू लागलो. कॉर्नेट सुरू झाला, आणि स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "बंद करा ते! पानं वाढलीयेत."