समाजशास्त्रीय संशोधनपद्धतीचे अध्यापन : इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल'च्या निमित्ताने

प्रस्तावना

संशोधनपद्धती हा विषय समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ शिकविला जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी कोर्सवर्क बंधनकारक केले आणि त्यात संशोधनपद्धतीला स्थान दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत 'संशोधनासह पदवी' असा पर्याय उपलब्ध झाला आहे. याचा अर्थ असा की, पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही आता प्रश्न घेऊन लोकांच्या दारात उभा राहणार आहे. त्याला आपण कोणती तयारी करून पाठवितो, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख अध्यापनाचे साधन म्हणून तपासून या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रचलित अध्यापनाचे स्वरूप

आपल्याकडील अध्यापन मुख्यतः व्याख्या, प्रकार, गुण आणि दोष या क्रमाने चालते. प्रश्नावली आणि मुलाखत अनुसूची यांतील फरक, गृहीतकृत्याची वैशिष्ट्ये, नमुना निवडीचे प्रकार, सहभागी निरीक्षणाच्या मर्यादा इत्यादी मुद्दे विद्यार्थी पाठ करतो. परीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे, हे नाकारता येत नाही. परंतु प्रकल्पाची वेळ आली की, या ज्ञानाचा उपयोग होत नाही. ओळखीच्या पन्नास वा शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते, टक्केवारीचे तक्ते तयार होतात आणि 'बहुसंख्य उत्तरदात्यांच्या मते' असा निष्कर्ष निघतो. हे पन्नास जण कोणाचे प्रतिनिधी आहेत आणि त्यांनी विचारणाऱ्याला तेच उत्तर का दिले, हे दोन प्रश्न सहसा अनुत्तरितच राहतात. दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. पद्धती म्हणजे प्रत्येक टप्प्यावर घ्यावयाचा निर्णय असतो, हे त्याने प्रत्यक्ष संशोधनात घडताना पाहिलेलेच नसते.

'वाटचाल' : निरीक्षकाचे स्थान

'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या पायी वारीच्या अनुभवावर आधारलेला आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचक तो ललित लेख म्हणून वाचतो. पद्धतीच्या वर्गात मात्र तो सहभागी निरीक्षणाचे उदाहरण म्हणून वाचता येतो.

लेखातील मध्यवर्ती निरीक्षण असे : एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालतात, एकत्र भजन म्हणतात, परंतु स्वयंपाक आणि जेवण यांच्या वेळी वेगळे होतात. कर्वे हा भेद नोंदवून थांबत नाहीत. त्या मराठा स्त्रियांच्या पंगतीत जेवतात आणि त्यानंतर त्या स्त्रियांच्या वागण्यात आलेली जवळीकही नोंदवितात. येथे निरीक्षकाच्या कृतीमुळे निरीक्ष्य परिस्थितीच बदलली आहे. पाठ्यपुस्तके हा बदल सहभागी निरीक्षणाचा 'दोष' म्हणून शिकवितात. या लेखात तोच माहितीचा स्रोत ठरतो, कारण जवळीक कशाने निर्माण झाली यावरून दुरावा कशाने टिकला होता हे समजते.

याहून महत्त्वाचा प्रसंग प्रवासाच्या अखेरीस येतो. पुण्याला भेटायला येण्याचा विषय निघताच एक तरुण मुलगी विचारते की, तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? हा प्रश्न लेखिकेला झोंबतो आणि ती तो लपवीत नाही. संशोधक व उत्तरदाता यांच्या नात्याविषयी इतका नेमका प्रश्न एका उत्तरदात्याने विचारावा, ही घटना पद्धतीच्या तासाला चर्चेस घेण्याजोगी आहे. आज आपण विद्यार्थ्यांना संमतिपत्र भरून घेण्यास शिकवितो आणि ते आवश्यकच आहे. परंतु त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर संमतिपत्रात मिळत नाही.

'वाटचाल'च्या मर्यादा

तथापि, या लेखाचा गौरव करून थांबणे योग्य नव्हे. वारीला येणाऱ्या लोकांवरूनच महाराष्ट्राची ओळख सांगावी, असा व्यापक विचार कर्वे मांडतात. साहित्यिक दृष्ट्या तो प्रभावी आहे. संशोधनाच्या दृष्टीने तो तपासला पाहिजे. निरीक्षण वारकऱ्यांचे आणि विधान महाराष्ट्राचे, असे येथे झाले आहे. या प्रदेशातील मुसलमान, जैन, आदिवासी आणि १९५६ नंतरचे बौद्ध यांपैकी जे वारीला जात नाहीत, ते या व्याख्येत कोठे बसतात? नमुना आणि समग्र यांतील अंतर शिकविण्यासाठी याहून परिणामकारक मराठी उदाहरण सहज सापडणार नाही.

येथे हॅरॉल्ड मान यांच्या कामाशी तुलना उद्बोधक ठरते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या मान यांनी आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावलेल्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडीकरण, उत्पन्न आणि कर्ज यांची कुटुंबवार नोंद त्यात आहे. परंतु हे गाव शहराच्या प्रभावाखाली असल्याने त्यावरून दख्खनच्या गावांविषयी बोलता येईल का, ही शंका उरत होती. म्हणून मान यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी केली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपला निष्कर्ष कोठवर लागू पडतो, अशी शंका घेऊन दुसऱ्या गावी जाणे हा पद्धतीविषयक निर्णय आहे. ही शिस्त 'वाटचाल'मध्ये नाही. उलट, गावकऱ्यांना आपण कोण वाटलो, हा 'वाटचाल'मधील प्रश्न मान यांच्या तक्त्यांत नाही. विद्यार्थ्याला दोन्हींची गरज आहे.

एक आक्षेप

ललित लेखन पद्धतीच्या वर्गात आणू नये, असा आक्षेप घेतला जाईल. स्मरण आणि भावना यांना पुरावा मानता येत नाही, हे त्यामागील कारण. परंतु हा वाद समाजशास्त्राला नवा नाही. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये रामपुरा या गावात क्षेत्रकार्य केले. त्यावरील संस्कारित टिपणे १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत नष्ट झाल्यानंतर त्यांनी प्रामुख्याने स्मरणाच्या आधारे लिहिलेला ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. स्मरण कोठे विश्वसनीय आणि कोठे नाही, याची चर्चा विद्यार्थ्यांसमोर होणे अधिक हितावह आहे.

अध्यापनातील उपयोग

'वाटचाल' तीन तासिकांत शिकविता येईल. पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांनी लेखातील निरीक्षण, अर्थबोध आणि भावना वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. अनेक वाक्ये एकाच रकान्यात बसणार नाहीत. चर्चा तेथूनच सुरू व्हावी. दुसऱ्या तासिकेत महाराष्ट्राविषयीचे विधान गृहीतकृत्याच्या रूपात मांडून ते पडताळण्यासाठी कोणाला भेटावे लागेल, याची यादी करावी. तिसऱ्या तासिकेत प्रत्येकाने स्वतःच्या प्रकल्पातील उत्तरदात्यांना आपण कोण वाटतो, म्हणजे जात, लिंग, भाषा व शिक्षण यांमुळे कोणती उत्तरे आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत, हे एका पानात लिहावे. हे पान प्रकल्प अहवालाचा भाग मानून त्यास गुण द्यावेत. गुण नसतील तर ते लिहिले जाणार नाही, हे आपण सारे जाणतो.

समारोप

व्याख्या शिकविणे टाळता येणार नाही. त्यांवाचून विद्यार्थ्याजवळ परिभाषाच राहणार नाही. परंतु माझा निष्कर्ष कोणाविषयी आहे आणि मी त्यांच्यासाठी कोण होतो, हे दोन प्रश्न प्रत्येक अहवालात विचारले गेले पाहिजेत. त्यासाठी लागणारी सामग्री मराठीत आणि आपल्याच परिसराच्या अभ्यासांत उपलब्ध आहे. अभ्यासमंडळांनी पद्धतीच्या पाठ्यपुस्तकासोबत असे किमान एक मूळ लेखन अनिवार्य वाचनात समाविष्ट करावे, असे सुचवावेसे वाटते.